ज्वालामुखी पाहायला निघताय? तयारी मुंबईतल्या खडकापासून सुरू करा

आइसलँड, हवाई, सिसिली किंवा इंडोनेशियात उद्रेक पाहायला निघालेल्या मुंबईकरांच्या तयारीत एकच गडबड पुन्हा पुन्हा दिसते. आधी तिकीट काढलं जातं, मग व्हिसा, मग हॉटेल, आणि ज्वालामुखीबद्दल जे काही वाचायचं ते विमानात. तिथे पोचल्यावर उद्रेक थांबलेला असतो, किंवा चालू असला तरी समोर जे दिसतंय ते कळत नाही. काळा दिसणारा प्रत्येक दगड 'लाव्हा स्टोन' होतो, आणि थंड वाटणाऱ्या कवचावर पाय ठेवायचा मोह होतो.

हा क्रम उलटा करायला हवा. मुंबई उभी आहे तीच लाव्हा आणि राखेच्या थरांवर. गोठलेला लाव्हा इथे नीट बघायला शिकलात, तर वाहता लाव्हा तिथे नीट बघता येतो आणि त्यापासून कुठे लांब राहायचं हेही उमगतं. म्हणून खालचे पहिले चार टप्पे मुंबईतच करायचे आहेत. ते गाळून थेट पाचव्यावर उडी मारू नका.

टप्पा १: बांधकामाच्या खडीवर हात बसवा

सोबत घ्यायचं सामान थोडं आहे: १० पट मोठं दाखवणारं भिंग, दोऱ्याला टांगलेलं छोटं पण जोरकस चुंबक, ड्रॉपरच्या बाटलीत व्हिनेगर, वही, पेन आणि मापासाठी एक नाणं.

नमुना म्हणून बांधकामाची खडी घ्या. मुंबईत मिळणारी काळी खडी बहुतांश बेसॉल्टची, म्हणजे गोठलेल्या लाव्ह्याच्या खडकाची असते आणि ती नुकतीच फोडलेली असते, म्हणजे आतला ताजा पृष्ठभाग आयता समोर येतो. इमारतीच्या साहित्याच्या दुकानात विचारलंत तर मूठभर सहज मिळेल. रेल्वेच्या रुळांमधली खडी उचलायला जाऊ नका.

तपासणीचा क्रम असा ठेवा:

१. ताजा तुटलेला भाग शोधा. पावसाने आणि हवेने रापलेला वरचा थर फसवतो.
२. हातात घेऊन वजन बघा. बेसॉल्ट त्याच्या आकाराच्या मानाने जड लागतो.
३. भिंगातून कण बघा. नुसत्या डोळ्यांना कण वेगळे दिसत नसतील तर शिलारस जमिनीवर येऊन लवकर थंड झाला. मोठे, चमकणारे स्फटिक दिसले तर ते लाव्हा बाहेर पडण्याआधी खोलवर वाढलेले असतात.
४. छिद्रं शोधा. ती लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची. वायू वर चढतो, म्हणून लाव्ह्याच्या थरात छिद्रं वरच्या भागात दाटीने असतात आणि मधला भाग घट्ट असतो. खडीतले काही तुकडे भोकाभोकांचे आणि काही सलग का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं.
५. छिद्रांत पांढरं किंवा हिरवट काही भरलंय का ते बघा. पांढऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट. काहीच झालं नाही तर झिओलाइट किंवा गारगोटीच्या जातीतलं खनिज.
६. टांगलेलं चुंबक तुकड्याजवळ न्या. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, त्यामुळे चुंबक हलकंसं ओढलं जातं.
७. रंग सगळ्यात शेवटी लिहा.

*तपासा:* एकाच ढिगातले पाच तुकडे वेगवेगळे वर्णन करून लिहिता आले, तर पुढे जा. पाचही ठिकाणी नुसतं 'काळा दगड' लिहिलं असेल तर पुन्हा बसा.

झिओलाइटबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मुंबईकरांनी ते जाणायलाच हवं. लाव्हा थंड झाल्यावर त्याच्या पोकळ्यांतून कोमट, क्षारयुक्त पाणी फिरत राहिलं आणि आत स्फटिक वाढत गेले. कुर्ला, मालाड आणि कांदिवलीच्या जुन्या खाणींतली, झिओलाइटच्या जोडीने सापडणारी ओकेनाइट, प्रेहनाइट, गायरोलाइट ही खनिजं जगभरच्या संग्रहांत पोचली आहेत. ओकेनाइटचे पांढरे केसाळ गोळे तर इतके नाजूक असतात की बोट लागलं तरी दबतात. खडीच्या तुकड्यात तांदळाएवढी पांढरी चकाकी दिसली तर फेकून देऊ नका, भिंग लावा.

टप्पा २: रंगावरून ओळखायची सवय मोडा

चर्चगेट किंवा सीएसएमटीला उतरून गेटवे ऑफ इंडियापर्यंत चालत जा, आणि भिंतींकडे बघत चला. या टप्प्याला एक सकाळ पुरते.

गेटवे बांधलंय पिवळट बेसॉल्टमध्ये. अनेक जण ते वाळूचा खडक म्हणून मोकळे होतात, कारण बेसॉल्ट काळाच असतो असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा फिकट पिवळसर ट्रॅकाइट एकाच इमारतीत दिसतात. दोन्ही ज्वालामुखीचेच. फरक आहे तो शिलारसात सिलिका आणि इतर घटक किती होते याचा, आणि नंतर पाण्या-हवेने खडकावर काय केलं याचा.

संग्रहालयाच्या दगडाजवळ उभं राहून भिंगाने बघा. करड्या दगडात कण जवळपास दिसतच नाहीत. फिकट दगडाचा पोत वेगळा असतो, पिवळसर छटाही सगळीकडे सारखी नसते, मधूनच तपकिरी डाग आणि रेघा दिसतात. आता डोळे मिटून दोन्हींवरून बोट फिरवा. हा फरक हाताला कळू लागला की परदेशातल्या एखाद्या कड्यावर फिकट खडक बघून 'हा ज्वालामुखीचा नाही' असं तुम्ही म्हणणार नाही.

*इशारा:* वारसा इमारतींवर व्हिनेगर टाकू नका, चुंबक घासू नका, नखाने खरवडू नका. इथे फक्त नजर, भिंग आणि बोट.

आणखी एक चूक मरीन ड्राइव्हवर होते. किनाऱ्यालगतचे चार पायांचे ठोकळे काँक्रीटचे आहेत, आणि भरावाला टाकलेले मोठे दगड बहुतेक बाहेरून आणलेले. खडक अभ्यासायचा तर तो जागचा हवा, म्हणजे जमिनीशी सलग असलेला कातळ हवा.

टप्पा ३: गिल्बर्ट हिल, मग कान्हेरी

आधी अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल. सुमारे ६० मीटर उंचीचा हा बेसॉल्टचा कडा इमारतींच्या गराड्यात उभा आहे, आणि वर गावदेवीचं मंदिर आहे. थेट पायऱ्या चढू नका. आधी पायथ्याशी थांबा आणि उभ्या खांबांकडे बघा.

हे खांब कुणी कोरलेले नाहीत आणि वेगवेगळे ओतलेलेही नाहीत. जाड लाव्हा हळूहळू थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि ते थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत सरकत जातात. म्हणून खांब उभे दिसले की थंडी वरून किंवा खालून शिरली असा अंदाज करायचा. खांब आडवे किंवा पंख्यासारखे पसरलेले असतील तर बाजूने शिरली. आइसलँडच्या किनाऱ्यावर हेच खांब दिसतील तेव्हा हा नियम उपयोगी पडेल. इथेच एका खांबाच्या बाजू मोजा. पाच-सहा बाजू सर्रास दिसतात, पण चार किंवा सातही सापडतात.

दुसऱ्या दिवशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेणी. सोमवारी उद्यान बंद असतं, हे विसरून बोरिवलीपर्यंत हेलपाटा घालणारे पुष्कळ. इथला खडक गिल्बर्ट हिलसारखा एकसंध नाही. हा ज्वालामुखीय संकोणाश्म आहे, म्हणजे स्फोटात फुटलेले टोकदार तुकडे बारीक राखेच्या आणि चुऱ्याच्या गाऱ्यात अडकून घट्ट झालेले. लेण्याच्या खांबावर तिरपा प्रकाश पडला की ते तुकडे उठून दिसतात: एक काळसर, शेजारी तांबूस, त्याच्या बाजूला हिरवट, कडा अजून धारदार. नदीने वाहून आणलेले असते तर त्या कडा गोल झाल्या असत्या.

या दोन जागा लागोपाठच बघा. एक खडक सांगतो की लाव्हा शांतपणे साचला आणि थंड झाला. दुसरा सांगतो की स्फोट झाला. प्रत्यक्ष उद्रेक पाहायला जाताना सर्वात आधी ठरवावं लागतं ते हेच: समोरचा ज्वालामुखी वाहणारा आहे की फुटणारा?

*इशारा:* दोन्ही ठिकाणी हातोडी नाही, दगड उचलणं नाही. पावसाळ्यात हा कातळ शेवाळाने भयंकर निसरडा होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

टप्पा ४: लाव्ह्याचे खडक डोक्यात लावून घ्या

पाठ करायला यादी लांब नाही, पण गट बरोबर पाडा.

वाहणारा बेसॉल्टी लाव्हा दोन रूपांत गोठतो. पाहोएहोए म्हणजे गुळगुळीत, वळ्या पडलेला, दोरखंडासारखा. आ आ म्हणजे काटेरी ढेकळांचा ढीग, ज्यावर पडलात तर हातपाय सोलवटतात. उतार, वेग आणि थंड होण्याप्रमाणे पाहोएहोए पुढे जाऊन आ आ होऊ शकतो, उलटं मात्र सहसा होत नाही. पाण्याखाली बाहेर पडलेला लाव्हा उशांसारख्या गोळ्यांत गोठतो, त्याला उशी लाव्हा म्हणतात.

फेसाळ खडकांत स्कोरिया आणि प्युमिसची गल्लत सर्वात जास्त होते. स्कोरिया बहुधा बेसॉल्टी असतो, गडद किंवा तांबडा, आणि पाण्यात बुडतो. प्युमिस बहुधा सिलिका जास्त असलेल्या लाव्ह्याचा, फिकट, आणि कोरडा असताना पाण्यावर तरंगतो. शंका आली तर बादलीत टाका, वाद मिटतो.

ऑब्सिडियन म्हणजे इतक्या लवकर गोठलेला लाव्हा की स्फटिक तयारच झाले नाहीत. ती काळी काच आहे, आणि फुटली की कडा वस्तऱ्यासारखी. रायोलाइट (सिलिका जास्त असलेल्या लाव्ह्याचा खडक), प्युमिस आणि ऑब्सिडियन यांचे घटक सारखेच असू शकतात. फरक पडतो तो थंड होण्याचा वेग आणि वायू किती यामुळे.

स्फोटातून उडालेला माल आकारावरून मोजतात. २ मिलिमीटरपेक्षा बारीक ती राख, २ ते ६४ मिलिमीटर ते लॅपिली, त्याहून मोठे ते बाँब किंवा ठोकळे. राख साचून घट्ट झाली की टफ. ज्वालामुखीची राख लाकडाच्या राखेसारखी मऊ नसते. ती खडक आणि काचेचा चुरा असते. ही एक गोष्ट नीट कळली की डोळ्यांची आणि फुप्फुसांची काळजी आपोआप घेतली जाते.

टप्पा ५: ज्वालामुखी निवडा, तारीख नव्हे

आता कुठे प्रवासाकडे वळायचं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने वाहणारा, बेसॉल्टी ज्वालामुखी निवडावा असं माझं ठाम मत आहे. हवाईचा किलाउएया आणि आइसलँडचा रेक्यानेस द्वीपकल्प त्यात येतात. फुटणारे ज्वालामुखी फोटोत देखणे दिसतात, पण तिथे चुकीला माफी नाही. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर स्फोट झाला तेव्हा ४७ माणसं बेटावर होती, त्यातली २२ दगावली. इशारा पातळी आधीच वाढवलेली होती. जपानच्या ओंताकेवर २७ सप्टेंबर २०१४ ला पातळी सर्वात खालची असताना स्फोट झाला आणि ६३ जण मृत किंवा बेपत्ता झाले. दोन्ही स्फोट वाफेचे होते, लाव्हा दिसलाच नाही. म्हणजे लाव्हा दिसत नाही म्हणून जागा सुरक्षित आहे, हा हिशेब चुकीचा.

देशातला पर्याय म्हणून अंदमानच्या बॅरन बेटाचं नाव हमखास निघतं. तिथे उतरता येत नाही. बघायचं ते बोटीतून, परवानगी असेल तेव्हा आणि समुद्र शांत असेल तेव्हा.

तारखांची चूक सर्वात महाग पडते. आइसलँडमध्ये फेब्रुवारी २०२४ चा उद्रेक सुमारे एका दिवसात थंडावला, आणि मार्चमध्ये सुरू झालेला मेपर्यंत चालला. किलाउएयावर डिसेंबर २०२४ पासून लाव्ह्याची कारंजी टप्प्याटप्प्याने येऊ लागली. एक टप्पा बरेचदा काही तासांत आटपतो आणि मग दिवस किंवा आठवडे शांतता. दोन रात्रींचं बुकिंग करून जाणं म्हणजे नशिबावर सोडणं. म्हणून:

१. व्हिसा आधी काढून ठेवा. आइसलँडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उद्रेक सुरू झाल्यावर अर्ज केलात तर उद्रेक तुमच्यासाठी थांबणार नाही.
२. बदलता येणारं तिकीट आणि रद्द करता येणारं हॉटेल घ्या.
३. वेधशाळेचा रोजचा अहवाल वाचायची सवय लावा. हवाईसाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाची वेधशाळा, आइसलँडसाठी तिथलं हवामान खातं.
४. निघण्याआधी आठवडाभर थेट कॅमेरा बघा. हवाई मुंबईच्या साडेपंधरा तास मागे आहे, आइसलँड साडेपाच तास. तिथली रात्र तुमच्या कोणत्या वेळी येते ते लिहून ठेवा, नाहीतर रोज दिवसाचा धूरच दिसेल.
५. उद्रेक नसला तरी पाहता येतील अशा जागा ठरवा: जुने लाव्हा प्रवाह, लाव्हा बोगदे, खांबांचे कडे. टप्पा ३ केलेल्याला हा दुय्यम पर्याय वाटत नाही.

*तपासा:* प्रवास विमा उद्रेक जाहीर होण्याआधी घेतलाय का? राखेमुळे विमान रद्द झालं तर भरपाई मिळेल असं पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय का? नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियाच्या हायली गुब्बीची राख उत्तर भारतापर्यंत आली आणि इथली उड्डाणं विस्कटली. ही कलमं वाचायला तेवढं कारण पुरे.

टप्पा ६: अंगावर काय, पाठीवर काय

बूट घोट्यापर्यंतचे, जाड तळव्याचे आणि आधी वापरून मऊ झालेले हवेत. नवे बूट कान्हेरीच्या चढावर रुळवा. पँट पूर्ण लांबीची, सुती किंवा लोकरी, कारण सिंथेटिक कापड ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. हातमोजे थंडीसाठी लागतातच, पण आ आ लाव्ह्यावर तोल गेला तर तळहात वाचवायला जास्त लागतात. किलाउएयाचा माथा १,२०० मीटरपेक्षा उंच आहे आणि तिथली रात्र चांगलीच गार असते. हवाई म्हणजे समुद्रकिनारा असं समजून टी-शर्टवर गेलेला माणूस तासाभरात परत फिरतो.

कपाळाला लावायची बॅटरी, वेगळे सेल, माणशी तीन लिटर पाणी, बंद गॉगल, आणि राखेसाठी एन-९५ मास्क. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका, चष्मा लावा.

*इशारा:* एन-९५ मास्क राख अडवतो, वायू नाही. ओला रुमालही सल्फर डायऑक्साइडपासून वाचवत नाही. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर वायू पसरलेल्या भागात जाऊच नये.

टप्पा ७: प्रत्यक्ष जागेवर

पोचल्या पोचल्या कॅमेरा काढू नका. आधी ही कामं करा:

१. अधिकृत वाट उघडी आहे का ते फलकावर आणि फोनवर बघा. कालची वाट आज बंद असू शकते.
२. वारा कुठून येतोय ते पाहा. वारा तुमच्या पाठीकडून लाव्ह्याकडे जायला हवा.
३. परतीची वाट ठरवा, आणि ती चढावरची किंवा सपाट उंच जागेवरची असू द्या. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट जागी साचतो. त्याला वास नसतो.
४. परत फिरायची वेळ ठरवा आणि गटातल्या सगळ्यांना सांगा.

मगच बघा. पाहोएहोए प्रवाहाच्या टोकाशी नजर लावलीत तर डोळ्यांदेखत खडक तयार होताना दिसतो. चंदेरी-करड्या कवचाला फट पडते, आतून नारिंगी जीभ फुगून बाहेर येते, काही क्षणांत तिच्यावर काळसर साय धरते आणि वळ्या पडत जातात. कान दिलात तर बारीक तडतड ऐकू येते. थंड होणाऱ्या काचेच्या कपच्या उडतात त्याचा तो आवाज. बेसॉल्टी लाव्हा साधारण १,१०० ते १,२०० अंश सेल्सियसला बाहेर पडतो. वरचं कवच काळं झालं तरी आतला लाव्हा खूप काळ तापलेला राहतो, आणि खाली बोगदा असेल तर छत पातळ असू शकतं. काळ्या कवचावर चालून फोटो काढणारे दिसतील. त्यांच्या मागे जाऊ नका.

लाव्हा समुद्राला मिळतो ती जागा सर्वात फसवी. तिथली पांढरी वाफ म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे कण. नव्याने तयार झालेला किनारा न सांगता समुद्रात कोसळतो. १६ जुलै २०१८ रोजी हवाईत लाव्हा-समुद्र संगमाजवळच्या पर्यटक बोटीवर लाव्हा बाँब येऊन आदळला आणि २३ जण जखमी झाले. बोटवाला जवळ नेतो म्हणाला तरी तुम्ही नको म्हणा.

*तपासा:* डोकं दुखतंय, घसा जळजळतोय, डोळ्यांतून पाणी येतंय, यातलं एक जरी जाणवलं तरी लगेच वारा जिकडून येतोय त्या बाजूला सरका आणि माघारी फिरा. पाच मिनिटं थांबून बघू, असं करू नका.

टप्पा ८: नोंद, आणि परत आल्यावरची साफसफाई

प्रत्येक खडकाचे दोन फोटो काढा: एक दुरून, एक नाणं ठेवून जवळून. शेजारी टप्पा १ च्या क्रमाने सात ओळी लिहा. ठिकाण आणि वेळ लगेच टिपा, हॉटेलवर गेल्यावर सगळे काळे दगड एकसारखे दिसू लागतात.

दगड उचलून आणू नका. हवाईच्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात ते बेकायदा आहे, आणि इतर संरक्षित जागांचे नियमही असेच असतात. घरात नमुना हवाच असेल तर तुमच्याकडे खडी आहे.

राख लागलेला कॅमेरा कापडाने पुसू नका. काचेचे कण लेन्सवर ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी कापड. बूट आणि कपडे बाहेर झटका, झटकताना मास्क लावा. बेसिनमध्ये किंवा मोरीत राख धुवू नका. ओली राख पाइपात बसून घट्ट होते आणि नळ तुंबतो. कोरडी असतानाच ती पिशवीत भरून तोंड बांधा आणि कचऱ्यात टाका, त्यानंतरच कपडे भिजवा.